अतिसार नाही, नुसते जुलाब

दवंडीवहिनींचा आवाज ज्याला ठाऊक नाही असा माणूस त्या शहरात सापडणं कठीण होतं. पण त्याच वहिनी बाजारात भाजी निवडत उभ्या राहिल्या तर शेजारचा माणूस त्यांना ओळखेलच असं नव्हतं. एक तीनचाकी गाडी, तिच्या टपावर दोन दिशांना तोंडं करून बांधलेले दोन कर्णे, आणि आत जाडजूड पडद्याआड माइक धरून बसलेल्या वहिनी. कापडाच्या दुकानात सेल लागलाय, उद्या नळाला पाणी येणार नाही, अमक्याची शेळी हरवलीय, तमक्याचे वडील वारले, सगळं शहराला त्यांच्या तोंडून कळायचं.

धंदा मुळात यजमानांचा. तरुणपणी त्यांचा आवाज असा होता की कर्णा बंद पडला तरी गिऱ्हाईकाचं काम अडायचं नाही. पुढे घशात गाठ झाली, ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि जाताना आवाजही घेऊन गेली. उरली ती नुसती फुसफुस. घरात चूल बंद पडायची वेळ आली तेव्हा ते एक दिवस बायकोच्या हातात माइक देऊन कानाशी फुसफुसले, "तू बोल. मी चालवतो."

"मी? अहो, मला चार बायकांत बोलताना घाम फुटतो!"

"चार बायकांत फुटतो ना? इथं कोणी नसतं. पडदा असतो."

पहिल्या दिवशी वहिनी इतक्या हळू बोलल्या की यजमानांना पुढून पत्र्यावर थापा मारून "मोठ्यानं, मोठ्यानं" असं सुचवावं लागलं. वर्षभरात मात्र आवाज असा सुटला की लोक गाडीचं नावच विसरले आणि 'दवंडीवहिनी' हे नाव पडलं ते पडलंच. यजमानांनी त्यांना एकच गोष्ट पढवली होती. "कागदावर आहे तसं वाचायचं. अर्थाच्या भानगडीत पडायचं नाही. आपण कर्णा. कर्ण्याला स्वतःची अक्कल नसते, म्हणून तर लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात."

वहिनींना ते पटलं होतं. अनेक वर्षं पटलं होतं.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. नळाला पाणी कमी आणि हवा जास्त अशी गत झाली. शहराचा खालचा भाग, जिथं कालव्याकाठी कापड रंगवायचे कारखाने आणि त्यांना चिकटून कामगारांच्या घरांच्या रांगा होत्या, तिथं नळ अधूनमधून पिवळसर पाणी ओकायचा. लोक ते फडक्यातून गाळायचे आणि प्यायचे. एक दिवस आरोग्य खात्यातून बोलावणं आलं. कारकुनानं टेबलावरून एक कागद सरकवला.

"आजपासून रोज, सकाळ-संध्याकाळ, खालच्या भागात. गल्ली सोडायची नाही एकही."

वहिनी कागद मनात वाचून पाहू लागल्या. 'शहराच्या खालच्या भागात अतिसाराची लागण आढळून आली आहे. नागरिकांनी पाणी उकळून प्यावे. अतिसाराची लक्षणे दिसताच रुग्णास त्वरित सरकारी दवाखान्यात आणावे.' एका शब्दाशी त्या अडल्या.

"साहेब, हे अतिसार म्हणजे काय हो?"

कारकुनाच्या एका कानाला फोन होता आणि दुसरा फोन वाजत होता. "आजार आहे वहिनी. साथीचा. तुम्ही खणखणीत वाचा म्हणजे झालं."

गाडीत बसल्यावर वहिनींनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला. अति हा शब्दच त्यांना लहानपणापासून वाईट म्हणून ठाऊक होता. अति तिथं माती, असं आई उठता-बसता म्हणायची. सार म्हणजे शाळेत धड्याच्या शेवटी लिहायचं ते, गोष्टीचं तात्पर्य. दोन्ही जोडून काही केल्या अर्थ लागेना. आणि ज्याचा अर्थ लागत नाही त्याची भीती जरा जास्तच वाटते.

पहिली फेरी झाली आणि त्यांना जाणवलं की आपल्या आवाजामागे काहीतरी पसरत चाललंय. एरवी गाडी आली की पोरं मागे धावायची, बायका दारात यायच्या. या वेळीही बायका आल्या, पण ऐकता ऐकता त्यांचे हात तोंडाशी गेले आणि पोरांना दंडाला धरून आत ओढलं गेलं. दुसऱ्या दिवशी चौकातल्या न्हाव्याच्या दुकानात त्या शब्दाचा अर्थही तयार झाला होता. गिऱ्हाईकाच्या गळ्याशी वस्तरा धरून न्हावी सांगत होता, "अहो, अति सार! म्हणजे माणसातलं सगळं सार निघून जातं. नुसतं चिपाड उरतं. वाऱ्यानं येतो तो." गाडी शेजारीच उभी होती, म्हणून वहिनींनी ते स्पष्ट ऐकलं आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

वाऱ्यानं येतो हे मग सगळीकडे झालं. खिडक्यांच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या गेल्या. कोणी म्हणे अंगावर काळे डाग पडतात, कोणी म्हणे जीभ निळी होते. ज्यांचं कोणी दुसऱ्या गावी होतं ती कुटुंबं बोचकी बांधून निघाली. वहिनीही माइक तोंडाशी नेण्यापूर्वी पदर नाकावर घेऊ लागल्या. त्यामुळे आवाज घुसमटल्यासारखा यायचा, आणि त्या घुसमटलेल्या आवाजानं लोक आणखी घाबरायचे.

खालच्या भागातल्या शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी टाचेकाका बसायचे. चपला-बूट दुरुस्त करणारा एकटा म्हातारा; टाच बसवावी तर त्यांनीच, म्हणून टाचेकाका. गाडी आली की ते हातोडी कपाळाला लावून सलाम ठोकायचे आणि म्हणायचे, "या रेडिओ!" त्या दिवशी त्यांनी सलाम ठोकला नाही. गाडीला हात दाखवून थांबवलं.

"वहिनी, एक सांगा. हा अतिसार माणसाला झाला तर कळतं कसं? दिसतो कसा तो?"

"मला काय ठाऊक काका! मी वाचणारी. तुम्ही आपले आत बसा. खिडक्या घट्ट लावून घ्या."

"हं. तेच बरं," काका म्हणाले आणि दुकानातला पसारा गोळा करायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीसा फिकटपणा होता. वहिनींना तो दिसला, पण त्या वेळी सगळेच चेहरे फिकट होते.

त्याच गल्लीत मधोमध वन्संचं घर होतं. वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दूरच्या शहरात कामाला. त्या घरी बसून शर्टांना बटणं लावायच्या. खिडकीत खुर्ची, मांडीवर शर्टांचा ढीग, शेजारी बटणांचा डबा. भावाची गाडी आली की सुई वर करून दाखवायच्या, म्हणजे 'चाललंय माझं, ठीक आहे.' पहिल्या दिवशी सुई वर झाली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकी लावलेली दिसली. सगळ्यांच्याच लावलेल्या होत्या, म्हणून वहिनींना त्यात काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी त्या घरापुढे आली तेव्हा यजमानांनी आपण होऊन ब्रेक लावला.

"काय झालं?" वहिनींनी माइक बंद करून विचारलं.

ते फुसफुसले, "शर्ट." दाराबाहेर कालच नेऊन द्यायचा शर्टांचा गठ्ठा तसाच पडला होता. वन्संचं काम कधी एक दिवस उशिरा झालं नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरताच वासानं वहिनींचा श्वास अडला. वन्सं पलंगावर नव्हत्या, मोरीच्या उंबऱ्याशी जमिनीवर पडल्या होत्या. डोळे खोबणीत गेलेले, ओठांना भेगा, गाल आत ओढलेले. कालपरवापर्यंत गोल असलेला तो चेहरा कोणी मुठीत धरून पिळल्यासारखा झाला होता. वहिनींना न्हाव्याचे शब्द आठवले. सार निघून जातं. चिपाड उरतं.

"वन्सं! अहो वन्सं, काय हे? कधीपासून?"

"आलीस?" वन्संचा आवाज आता भावासारखाच फुसफुसता झाला होता. "अगं, काही नाही. परवापासून पोट बिघडलंय. जुलाब लागलेत. जरा पडले होते."

"आणि दवाखान्यात नाही गेलात? मी रोज घसा फोडून सांगतेय ना, खिडकीखालून!"

"तू अतिसाराचं सांगतेस गं." बोलता बोलता त्यांना धाप लागली. "मला अतिसार नाही झालेला. मी अंग बघितलं सगळं, डाग नाहीत कुठे. नुसती हगवण आहे. उगाच दवाखान्यात गेले असते तर तिथं त्या अतिसाराच्या माणसांत... मलाही लागला असता ना."

"पाणी तरी पिताय का?"

"पाणी बंद केलंय. पाणी प्यालं की पुन्हा जावं लागतं. आणि तूच तर म्हणतेस पाणी वाईट आहे म्हणून."

वहिनींनी वन्संचा हात हातात घेतला. तो गार होता. मनगटावरची कातडी चिमटीत आली आणि सोडल्यावर तशीच उभी राहिली, मऊ कागदाला घडी पडावी तशी. यजमान दारात उभे होते. आपल्या थोरल्या बहिणीला त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

दोघांनी मिळून वन्संना उचललं. त्यांना वजन असं राहिलंच नव्हतं. गाडीत मागे, पडद्याआड, त्यांनी वन्संचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी सुटली आणि गल्लीच्या वळणावर येऊन अडली. पाण्याचा टँकर आला होता. बादल्या, घागरी, भांडणं. रस्ता गच्च भरलेला. यजमान हॉर्न वाजवत होते, पण टँकरभोवती हॉर्नला कोण विचारतो? ते मागे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात माइककडे होता.

वहिनींनी माइक उचलला. आयुष्यात पहिल्यांदा समोर कागद नव्हता.

"बाजूला व्हा!" कर्ण्यांतून जो आवाज बाहेर पडला तो त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "अहो, वाट सोडा! माझी नणंद जातेय! आजारी आहे, वाट द्या!"

गर्दीनं वळून पाहिलं. पडद्याच्या फटीतून वन्संचा एक पाय बाहेर आला होता. कोणीतरी ओरडलं, "अतिसार! गाडीत अतिसार आहे!" आणि बघता बघता रस्ता मोकळा झाला. माणसं बादल्या टाकून भिंतींना चिकटली, तोंडावर हात, पाठ गाडीकडे. रस्त्यावर पाण्याचे ओघळ आणि लवंडलेल्या घागरी उरल्या. त्या मोकळ्या झालेल्या रस्त्यावरून जाताना वहिनींना गर्दीपेक्षा जास्त भीती वाटली. मांडीवरच्या वन्संनी डोळे उघडले. "काय म्हणाले गं ते? मला अतिसार झालाय?"

"नाही वन्सं. काही नाही. डोळे मिटून घ्या."

सरकारी दवाखान्यात वहिनींना वाटलं होतं की पाय ठेवायला जागा नसेल. पण बाकं बरीचशी रिकामी होती. खाटा मांडून ठेवल्या होत्या, सलाइनच्या बाटल्या ओळीनं टांगल्या होत्या आणि नर्स दाराकडे बघत उभ्या होत्या. वन्संना लगेच आत घेतलं. नस सापडेना. एक हात शोधून झाला, दुसरा शोधून झाला, शेवटी पायाला सुई लागली. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, केस पिकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"भावजय. डॉक्टर, वाचतील ना हो?"

"उशीर केलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग वहिनींचा चेहरा पाहून त्यांनी स्वर खाली आणला. "प्रयत्न चालू आहे. शरीरातलं पाणी गेलंय. ते परत भरता आलं तर वाचतील. संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर मी सांगू शकेन. पण घोषणा रोज चालू आहे ना? आम्ही इथं तयारीनं बसलोय, आणि लोक येतच नाहीत. येतात ते असे, शेवटच्या घटकेला."

"ती घोषणा माझीच," वहिनी म्हणाल्या.

"अच्छा! तुम्ही त्या?"

"मीच. आणि माझ्या नणंदेनं ती ऐकली. रोज ऐकली. पण ती म्हणते, मला अतिसार नाही, नुसते जुलाब आहेत." वहिनी एक पाऊल पुढे आल्या. "डॉक्टर, तुम्ही मला एक सांगा. तिला नक्की काय झालंय? अतिसार की जुलाब?"

डॉक्टरीणबाई शेजारच्या बाकावर मटकन बसल्या.

"अहो, एकच," त्या म्हणाल्या. "अतिसार म्हणजेच जुलाब. दुसरं काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"संस्कृत शब्द आहे. जुन्या वैद्यांचा. अति म्हणजे फार. सार म्हणजे वाहणं. ते तात्पर्यातलं सार वेगळं. सरणं, सरकणं, म्हणजे पुढे जाणं, त्याच धातूपासून. नदीला सरिता म्हणतात ना, वाहते म्हणून? तसं. अतिसार, फार वाहणं. आम्ही कॉलेजात डायरिया म्हणायला शिकलो. तो ग्रीक लोकांचा शब्द, त्याचाही अर्थ आरपार वाहून जाणं असाच. दोन टोकांच्या माणसांनी एकच गोष्ट पाहिली आणि एकच नाव ठेवलं."

"आणि जुलाब?"

"जुलाब फारसीतून आला. मुळात गुलाबपाणी. गुलाबाच्या पाकात औषध देऊन पोट साफ करायचे, म्हणून औषधाचं नाव जुलाब, आणि मग त्या औषधानं जे व्हायचं त्याचंही नाव जुलाब." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "इतकी वर्षं रोज लिहितेय हा शब्द. कानाला इतका सवयीचा झालाय की लोकांना तो कळणार नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तो मसुदा माझ्यासमोरून गेला होता."

वहिनींना राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण त्याआधीच दुसरी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. वन्संसारखं आणखी किती जण? लावलेल्या खिडक्यांआड, ओल्या चिंध्या कोंबलेल्या दारांआड, 'आपल्याला अतिसार नाही' म्हणून समाधानानं पडून राहिलेली किती माणसं असतील?

"मला जायला हवं," त्या उठून म्हणाल्या आणि लोकांना काय काय सांगायचं ते डॉक्टरीणबाईंकडून नीट विचारून घेतलं.

वन्संच्या खाटेशी यजमान बसले होते. वहिनींनी त्यांना खुणेनं बाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. बहिणीला सोडून जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, ते स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी नर्सला हात जोडले, खाटेकडे बोट दाखवलं आणि गाडीची किल्ली काढली.

खालच्या भागात पोचल्यावर वहिनींनी माइक तोंडाशी नेला आणि शब्द घशातच अडकला. हे शब्द घराच्या चार भिंतींत बोलायचे. मोरीपाशी, आईच्या कानात, फार तर दाराआडून. ते दोन कर्ण्यांतून साऱ्या वस्तीवर ओरडायचे? त्यांचे कान तापले. पत्र्यावर थाप पडली. पुढून यजमान वळून फुसफुसले, "बोल. कोण बघतंय? पडदा आहे."

"ऐका!" वहिनी बोलल्या. "मी दवंडीवहिनी बोलतेय. कागद नाही माझ्या हातात. परवापासून मी अतिसार, अतिसार म्हणतेय. अतिसार म्हणजे जुलाब! हगवण! पोट चालणं, ढाळ होणं, परसाकडे सारखं जावं लागणं, तुमच्या घरात जे म्हणत असतील ते! तोच अतिसार. डाग पडत नाहीत, वाऱ्यानं येत नाही. घाण पाण्यानं येतो. ज्याला ज्याला जुलाब होतायत त्यानं दवाखान्यात चला. पाणी बंद करू नका! उकळून, गार करून, मीठ-साखर घालून पीत राहा. पाणी तोडलं तर माणूस जातो. माझी नणंद तशीच पडली होती!"

सुरुवातीला कुठेतरी कोणी खुदकन हसलं. 'हगवण' हा शब्द कर्ण्यातून आला की हसू येणारच. मग एक खिडकी उघडली, चिंध्या खाली पडल्या. एक बाई वाकून विचारू लागली, "नुसते जुलाब असले तरी?" "नुसते असले तरी!" तिच्यामागे आत कोणीतरी कण्हलं. समोरच्या दारातून एक माणूस आईला पाठुंगळी घेऊन बाहेर आला. त्याच्या पलीकडे नवरा-बायको, दोघंही भिंतीला धरून चालणारी. मग दुसरी गल्ली. दारामागून दार.

वहिनी पडदा बाजूला करून बघत राहिल्या. आपण बोलावलं म्हणून ही माणसं येतायत याचा आनंद त्यांना होईना. जिथं कोणी आजारी नाही असं कालपर्यंत वाटत होतं त्या रांगांतून खोल गेलेले डोळे घेऊन माणसं बाहेर येत होती, आणि येतच होती. इतकं सगळं आत होतं! दोन दिवस आपण याच भिंतींशेजारून ओरडत गेलो आणि आत हे होतं. पण त्यांनी तोंड चालूच ठेवलं. थांबलो तर आपण इथंच बसकण मारू, हे त्यांना कळत होतं. ट्रक आले, हातगाड्या आल्या, रंगाच्या कारखान्यानं आपला मालाचा टेम्पो दिला. ज्यांची पोटं ठीक होती त्यांनी ज्यांची बिघडली होती त्यांना उचललं. सकाळी भिंतीला चिकटून पाठ फिरवणारेही त्यांत होते.

शेवटच्या गल्लीत टाचेकाकांचं दार उघडलं नाही.

वहिनींनी त्यांच्या दारापुढे गाडी थांबवायला लावली. "काका! टाचेकाका! मी आलेय हो! आजार वाऱ्यानं येत नाही, खिडकी उघडा!" आवाज गल्लीत घुमून परत आला. त्या खाली उतरल्या आणि दारावर थापा मारू लागल्या. शेजाऱ्यांनी खांदा लावून कडी तोडली.

खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. प्रत्येक फटीत चामड्याचे तुकडे मापात कापून बसवले होते, खिळे मारून, कारागिरानं करावं तसं नीट. काका पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले होते. पाण्याची घागर भरलेली होती, तिच्यावरचं झाकण हललेलं नव्हतं. शेजाऱ्यानं नाकाशी हात धरला आणि मान हलवली.

वहिनी दारातच उभ्या राहिल्या. खिडक्या घट्ट लावून घ्या, हे कागदावर नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या मनानं सांगितलं होतं. यजमान मागून आले आणि त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनींना बोलायचं होतं, पण त्या क्षणी त्यांच्या घशातून यजमानांइतकाही आवाज निघाला नाही.

वन्सं वाचल्या. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी दारातूनच सांगितलं, "झाली लघवी!" आणि यजमान त्या वाक्यावर असे हसले आणि रडले की आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघायला लागले. शुद्धीवर आल्यावर वन्संचा पहिला प्रश्न होता, "शर्ट नेले का कोणी?" दुसरा प्रश्न जरा दबकत आला. "अगं, मला तो अतिसार तर नव्हता ना?"

"होता वन्सं," वहिनी म्हणाल्या. "पण जुलाबच म्हणा. म्हणा, हवं तर गुलाबपाणी."

पुढच्या दिवसांत दवाखाना भरला, ओसंडला, आणि मग हळूहळू ओसरला. रंगाच्या कारखान्यापाशी जमिनीखालचा पाण्याचा पाइप फुटून गटाराचं पाणी त्यात शिरत होतं, ते सापडलं. पाइप बदलला. टाचेकाकांसारखी आणखीही काही माणसं गेली. त्यांच्या मृत्यूच्या बातम्या वहिनींनीच गल्लीगल्लीतून सांगितल्या. काकांची सांगताना त्या आधी माइक बंद करून पाणी प्यायल्या. आरोग्य खात्याचा कारकून एकदा म्हणाला, "वहिनी, ते हगवण वगैरे... शब्द जरा चारचौघांत बरा वाटला नाही." तेव्हापासून मात्र हातात कागद आला की त्या खुर्ची ओढून तिथंच बसायच्या आणि प्रत्येक अडलेल्या शब्दाचा अर्थ कळेपर्यंत उठायच्या नाहीत. कारकून आधी वैतागायचा. मग त्याला सवय झाली.

वन्संना त्यांनी पुन्हा त्या गल्लीत एकटं राहू दिलं नाही. आपल्या घरी आणलं. बटणांचा डबा आला, खिडकीतली खुर्ची आली. वन्सं पूर्वीसारख्या गोल झाल्या, पूर्वीसारख्या भावाला टोमणे मारू लागल्या. भीती मात्र वहिनींच्या अंगातून जाईना. वन्संनी मोरीचं दार लावलं की वहिनींच्या हातातलं काम थांबायचं. कडी वाजेपर्यंत त्या श्वास धरून राहायच्या. दार पुन्हा उघडायला जरा वेळ झाला की दाराशी जाऊन हाक, "वन्सं? बरं वाटतंय ना? पातळ तर नाही ना?"

एक दिवस आतून वन्सं कडाडल्या, "अगं बाई, माणसानं जन्मात एकदा तरी निवांत बसू नये का? साऱ्या गावाला ओरडून सांगितलंस तेवढं पुरे झालं की!"

बाहेर यजमान पोट धरून, आवाज न करता हसत होते. वहिनीही हसल्या. पण कडी वाजून दार उघडेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.